कुलाब्यातला चिनी पूल आणि निपाणीची गोबी

निपाणीत संध्याकाळी कधी गोबी खाल्ली नाही असं पोर शोधून सापडायचं नाही. ‘गोबी मंचुरियन’ हे पूर्ण नाव फक्त गाड्याच्या फलकावर. तोंडात नुसतं ‘गोबी’, आणि बेळगावच्या बाजूला कन्नड वळणानं ‘गोबी मंचुरी’. कढईतून निघालेले लालभडक तुकडे, वरून चिरलेला कोबी-कांदा, कागदी बशी आणि टोचायला दोन काड्या. आमच्या लेकीचं लहानपणापासूनचं ‘चायनीज’ म्हणजे एवढंच. आमच्या सगळ्या घराचं चीनबद्दलचं ज्ञान तिथंच सुरू होत होतं आणि तिथंच संपत होतं.

यंदा लेकीच्या कॉलेज प्रवेशासाठी मुंबईला गेलो. कोल्हापूरहून रात्रीची महालक्ष्मी धरली. मी, लेक आणि आमची आई. ‘नात कुठं राहणार ते बघितल्याशिवाय मी सोडायची न्हाई’ असं म्हणून आई गाडीत बसलीच होती.

सकाळ एका कार्यालयाच्या खिडकीपुढं गेली. सीमाभागातल्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या सवलतीचे कागद दाखवायचे होते. खिडकीतल्या गृहस्थांनी आधार कार्ड पाहिलं, अर्ज पाहिला आणि विचारलं, “पत्ता कर्नाटकचा, शिक्षण मराठीतून, अर्ज महाराष्ट्रात. म्हणजे तुम्ही नक्की कुठले?”

विचारण्यात राग नव्हता, खरोखरच कळत नव्हतं त्यांना. हा प्रश्न मी उभ्या जन्मात इतक्यांदा ऐकलाय की उत्तर पाठ आहे : १९५६, राज्य पुनर्रचना, महाजन आयोग, न्यायालयातला दावा. पण लेकीला तो पहिल्यांदाच असा खिडकीतून विचारला गेला होता. काम झालं, पण ती गप्प झाली. बाहेर आल्यावर म्हणाली, “बाबा, होस्टेलवर पण सगळ्या हेच विचारणार ना? मी रोज १९५६ पासून सुरू करू?”

माझ्याकडं चटकन उत्तर नव्हतं. म्हणून मी विचारलं, “जेवायला काय खाणार?”

“चायनीज.”

“मुंबईला येऊन बी गोबीच व्हय?” आई म्हणाली.

रीगलच्या मागे

कुलाब्यात रीगल सिनेमाच्या मागच्या रस्त्यावर ‘लिंग्ज पॅव्हिलियन’ हे जुनं चिनी रेस्टॉरंट आहे. पाटी वाचून आईनं हात जोडल्यासारखं केलं. “महादेवाचं हाय काय?” लिंग हे मालकांचं चिनी आडनाव आहे हे सांगितल्यावर लेक त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

रस्त्याचं नाव मात्र आपल्या ओळखीचं : महाकवी भूषण मार्ग. भूषण म्हणजे उत्तरेकडून आलेले, ब्रज भाषेत शिवरायांवर ‘शिवराजभूषण’ रचणारे कवी. मराठीत एक ओळ न लिहिता ते आपले झाले. हे मी लेकीला सांगितलं, पण ती आत बघत होती.

आत गेल्यावर माणूस थबकतोच. खाली पाणी, पाण्यात मासे, त्यावरून छोटा पूल, आणि वर छताच्या जागी चांदण्या असलेलं रात्रीचं आकाश. भर दुपारी आत रात्र. आजकालच्या नव्या हॉटेलांत करड्या भिंती आणि तारेला लटकलेले पिवळे दिवे असतात. सगळी एकसारखी. इथं कुणीतरी ठरवून एक अख्खं गाव उभं केलंय. १९९१ साली हे रेस्टॉरंट सुरू झालं तेव्हा ही सजावट ऐन फॅशनची असेल, आज ती तुमच्या पिढीच्या भाषेत ‘रेट्रो’ झाली आहे.

लेक पुलावर उभी राहून फोटो काढू लागली. “बाबा, हे एकदम जुन्या सिनेमाच्या सेटसारखं आहे. चीन खरंच असं असतं का?”

मी तिला उलट विचारलं, “आपल्या हायवेवर कोल्हापूरकडं जाताना हॉटेलं लागतात. दारात बैलगाडीचं चाक, आत कंदील, भिंतीवर सूप आणि जातं. आपल्या घरात यातलं काय आहे?”

“जातं आहे. पण माळ्यावर.”

असंच असतं ते. रोजच्या जगण्यातून गोष्ट निघून गेली की ती भिंतीवर येते. गावापासून जितकं लांब जावं तितकी ती मोठी होते. परदेशातल्या मराठी मंडळांच्या गणपतीत फेटे आणि नऊवारी जितक्या दिसतात तितक्या निपाणीच्या बाजारात दिसत नाहीत. चिनी रेस्टॉरंटमधले लाल कंदील, ड्रॅगन, गोल दरवाजे हेही तसंच. ते चीनचा फोटो नव्हेत. इथं जन्मलेल्या मुलांनी आईबापांच्या गावाची जपलेली आठवण आहे ती.

विड्या वळलेले हात

चिनी जेवणात ताटं वाढून येत नाहीत. पदार्थ मधे ठेवायचे, ज्यानं त्यानं आपल्या वाडग्यात घ्यायचे. आम्ही सूप, वाफवलेला मासा, भाज्या आणि भात मागवला. मंचुरियन मुद्दाम मागवलं नाही.

मासा आला तो अख्खा. आलं, कांद्याची पात आणि पातळ सोया सॉस. त्यात लाल काही नव्हतं. आईनं संशयानं घास घेतला. वेदगंगेचा मासा तिखट-मसाल्यात बुडवून खाणारी बाई ती. थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “मसाला न्हाई, तिखट न्हाई, आनि वास बी न्हाई. ताजा हाय म्हणून उघडा ठेवलाय.”

चिनी स्वयंपाकातली वाफवण्याची रीत मी लेखांत वाचली होती, पण इतक्या थोडक्यात कुणी सांगितली नव्हती. कँटनकडच्या पद्धतीत मासा ताजा असला की त्याच्यावर काही लादत नाहीत.

दुसरी गंमत चॉपस्टिक्सची. लेकीच्या आणि माझ्या हातून भाजी तीनदा टेबलावर पडली. आईनं एकदा शेजारच्या टेबलाकडं पाहिलं, काड्या बोटांत धरल्या आणि मशरूमचा तुकडा अलगद उचलला. तिनं उमेदीची कितीतरी वर्षं विड्या वळल्या आहेत. पान कापणं, तंबाखू भरणं, टोक दुमडणं, हजारांचा हिशेब. त्या बोटांना दोन काड्यांचं काय कौतुक! लेकीनं तो फोटो काढला. पुलाच्या फोटोपेक्षा तोच घरी जास्त फिरला.

हे लोक आले कुठून?

भात येईपर्यंत लेकीनं विचारलं, “पण चिनी लोक मुंबईत राहिले कसे? आणि का?”

चिनी माणसं भारतात येऊन सव्वादोनशे वर्षं तरी झाली. पहिलं नाव सांगतात ते टाँग अच्यू याचं. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्यानं कोलकात्याजवळ उसाची लागवड आणि साखरेचा कारखाना काढला. त्या जागेला आजही अचीपूर म्हणतात. मग कोलकात्यात वस्ती वाढली. कुणी चामड्याच्या धंद्यात, कुणी सुतार, कुणी दंतवैद्य, कुणी बुटांच्या दुकानात. मुंबईत गोदीच्या आसऱ्यानं खलाशी आले. माझगावला नवाब टँक रोडवर १९१९ सालचं त्यांचं ‘सी यप कून’ देऊळ अजून उभं आहे. तिथला देव क्वान कुंग हा मुळात शूर योद्धा, दिलेला शब्द पाळणारा म्हणून पुजला गेलेला. वीराचा देव करणं आपल्याला नवं नाही.

चर्चगेटचं ‘कामलिंग’ स्वातंत्र्याआधीचं. लिंग कुटुंबातल्या आधीच्या पिढीनं अपोलो बंदरच्या बाजूला ‘नानकिंग’ चालवलं. जुन्या मुंबईकरांना त्याचं नाव काढलं तरी चव आठवते. पुढच्या पिढीनं काढलं ते हे पॅव्हिलियन.

आणि मधे १९६२ आलं. ऑक्टोबर-नोव्हेंबरचं ते महिनाभराचं युद्ध आपण शाळेत शिकतो. त्यानंतरचं शिकत नाही. आसाम, उत्तर बंगाल अशा भागांतल्या सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना घरातून उचलून आगगाडीनं राजस्थानात देवळीच्या छावणीत नेलं. त्यांत पिढ्यान्‌पिढ्या इथं राहिलेले होते, इथल्या बायकांशी लग्न केलेले होते, चिनी लिहिता-वाचता न येणारी मुलं होती. काही जण पाच वर्षांपर्यंत आत राहिले. कित्येक सुटल्यावर देश सोडून गेले. रीटा चौधुरी यांनी ‘माकाम’ ही आसामी कादंबरी यावरच लिहिली आहे.

लेक म्हणाली, “म्हणजे त्यांनाही विचारलं, तुम्ही नक्की कुठले?”

“हो. आणि उत्तर ऐकून घेतलं नाही. चेहरा बघितला.”

इथं एक सांगायला हवं. आपलं आणि त्यांचं दुःख मी एका तराजूत घालत नाही. ते समुद्र ओलांडून आले, आपण जागचे हललो नाही. रेषाच आपल्यावरून गेली. त्यांनी छावणी भोगली, आपल्याला खिडकीवर दोन मिनिटं थांबवतात. पण त्यांच्या गोष्टीतला एक भाग आपल्या उपयोगाचा आहे. जे मागे राहिले त्यांनी दुकानं, पार्लरं, दवाखाने, रेस्टॉरंटं चालू ठेवली. ज्या शहरात शेजारी संशयानं बघत होते तिथंच दिवे लावले, पाटीवर आपलंच आडनाव लिहिलं आणि लोकांना जेवायला बोलावलं.

मग मंचुरियन कुणाचं?

आता लेकीच्या शनिवारच्या गोबीकडं येऊ. मंचुरिया हा चीनच्या ईशान्येचा प्रदेश. पण तिथं जाऊन मंचुरियन मागितलं तर कुणाला कळणार नाही. हा पदार्थ मुंबईचा. कोलकात्यात जन्मलेले चिनी वंशाचे आचारी नेल्सन वांग यांनी १९७५ मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात तो केला, असं ते स्वतः सांगतात. कुणी काहीतरी नवं मागितलं. त्यांनी आलं, लसूण, हिरवी मिरची अशी आपली सुरुवात केली, पण गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि कॉर्नफ्लॉवर घातलं. चिकनचं फ्लॉवर झालं, क्लबातून गाड्यावर आलं आणि कर्नाटकभर पसरलं. आज ‘गोबी मंचुरी’ इतकी इथली आहे की तिच्यासाठी सरकारी आदेश निघतात.

मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकारनं गोबीत कृत्रिम रंग घालायला बंदी केली, कारण तपासलेल्या निम्म्याहून अधिक नमुन्यांत असे रंग सापडले. त्याच वर्षाच्या सुरुवातीला म्हापशाच्या नगरपालिकेनं तर गोबीच्या गाड्यांवरच बंदी आणल्याच्या बातम्या होत्या. मला यातली गंमत अशी वाटते की ब्याडगी मिरची आपल्या राज्यातली, संकेश्वरी मिरची आपल्या निपाणी-बेळगावच्या वाटेवरची, आणि लाल रंगासाठी आपण पुडी घालतो! गाडेवाल्याला एवढं विचारायला हरकत नाही, “दादा, रंग कशाचा?” आमच्या ओळखीचा गाडेवाला हल्ली फिकट गोबी देतो. पोरं कुरकुरली, पण खातात.

आणि आपला बेळगावी कुंदा? राजस्थानकडून आलेल्या पुरोहित मंडळींनी तो बेळगावात सुरू केला असं सांगतात. आज कुंदा म्हटलं की बेळगावच. ‘चहा’ हा शब्द चीनचा, लोणच्याची बरणी चिनी मातीची. आईनं हे ऐकून एवढंच म्हटलं, “बरणी कुणाची बी असू दे, लोणचं माझ्या सासूच्या हातचं.”

लेकीनं ते लक्षात ठेवलं असावं.

जाणार असाल तर

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस किंवा चर्चगेटहून टॅक्सीनं रीगल सिनेमा गाठा, मागच्या बाजूला चालत दोन मिनिटं. दुपारी जेवणाची वेळ संपायच्या आत पोहोचा. सुट्टीच्या दिवशी आधी फोन करून जागा ठरवा. चार-पाच जण गेलात तर जास्त पदार्थ चाखता येतात. जमल्यास एक तरी पदार्थ असा मागवा ज्याचं नाव गाड्यावर नसतं. आजी-आजोबांना जरूर न्या. तिखट कमी म्हणून ते नाही म्हणतील, तरी न्या. वेळ असेल तर माझगावचं देऊळही पाहा, डॉकयार्ड रोड स्टेशनपासून ते लांब नाही.

होस्टेलला सोडून आल्यावर आठवड्यानं लेकीचा फोन आला. खोलीतल्या मैत्रिणींनी तो प्रश्न विचारलाच होता.

“मग काय सांगितलंस? १९५६?”

“नाही. म्हटलं, निपाणीची आहे. घरी मराठी बोलतो, बाजारात कन्नडही बोलतो, आणि आमच्याकडं गोबी मुंबईपेक्षा भारी मिळते. बाकीचं विचारलं तर सांगेन. वेळ काढून बसा म्हटलं.”

मागून आईनं फोन ओढून घेतला. “आनि त्यास्नी हिकडं घेऊन ये म्हणावं सुट्टीला. जेवायला घालतो की!”