दुधाचे वेष्टन : उपयोगानंतर पुढे काय ?

दूध हा अत्यंत नाशवंत पदार्थ आहे. गोठ्यातून निघालेले दूध ग्राहकाच्या घरी निर्मळ स्थितीत पोहोचावयाचे, तर त्यास योग्य वेष्टन हवेच. परंतु दूध पातेल्यात ओतले की वेष्टनाचे काम संपते आणि दुसऱ्याच प्रश्नास प्रारंभ होतो. रिकामी पिशवी उकिरड्यावर पडते, वाऱ्याबरोबर शेतात जाते, किंवा मोकळ्या सुटलेल्या गुराच्या पोटात जाते. ज्या जनावराने दूध दिले, त्याच्याच जिवावर त्या दुधाची पिशवी उठावी, हे कोणत्याही दूध-उत्पादकास परवडणारे नाही. म्हणून वेष्टन कशाचे आहे एवढेच पाहून भागत नाही. ते रिकामे झाल्यावर कोठे जाते, हेही पाहावयास हवे.

परत जाणारी बाटली

मुंबई शहराला शुद्ध दूध मिळावे म्हणून १९४९ साली गोरेगावजवळ आरे येथे दुग्ध वसाहत स्थापन झाली. दारा खुरोडी यांनी या योजनेची धुरा वाहिली. दुग्धव्यवसायातील कार्याबद्दल त्यांना १९६३ साली त्रिभुवनदास पटेल व वर्गीस कुरियन यांच्यासमवेत मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आरेचे दूध काचेच्या बाटल्यांतून, पातळ धातूच्या टोपणाने बंद करून केंद्रांवर येत असे. ग्राहकाने रिकामी बाटली आणावयाची आणि भरलेली न्यावयाची, असा परिपाठ होता. रिकाम्या बाटल्या गरम पाण्याने व क्षारयुक्त द्रावणाने धुऊन पुन्हा भरल्या जात. बाटलीला मोल होते, म्हणून ती रस्त्यावर पडत नसे.

या पद्धतीस अडचणीही होत्या. अर्धा लिटर दुधाच्या रिकाम्या काचेच्या बाटलीचेच वजन पाव किलोहून अधिक भरते. ती फुटते, धुण्यास पुष्कळ पाणी व इंधन लागते, आणि परतीच्या वाटेवर गाडीला रिकामे ओझे वाहावे लागते. जवळच्या जवळ, तीच बाटली अनेक वेळा वापरली गेली, तरच ती फायद्याची ठरते. शेकडो किलोमीटरवरून दूध आणावयाचे असता तीच पद्धत महाग पडते.

पिशवी का रुजली

पिशवी रुजण्याचे कारण तिच्या हलकेपणात आहे. यंत्रावर पॉलिथिनच्या लांब पट्ट्याची नळी तयार होते, तीत दूध भरले जाते आणि उष्णतेने तोंड बंद केले जाते. अर्ध्या लिटरची रिकामी पिशवी अवघी दोन-तीन ग्रॅमची असते. शिवाय तिचे पापुद्रे निरनिराळे असले तरी ते सर्व पॉलिथिनचेच असतात. त्यामुळे स्वच्छ पिशव्या वितळवून त्यांपासून नळ्या, कचऱ्याच्या थैल्या अशा वस्तू करता येतात. फळांच्या रसाची खोकी यापेक्षा वेगळी असतात. त्यांत सुमारे तीन-चतुर्थांश भाग कागदी पुठ्ठ्याचा आणि उरलेला प्लॅस्टिक व ॲल्युमिनियमचा असतो. हे थर वेगळे करण्यास खास कारखाना लागतो.

तेव्हा दुधाची पिशवी हा मुळात वाईट माल नव्हे. दोष आहे तो तिच्या परतीची सोय नसण्यात. दोनशे घरांच्या गावात रोज घरटी एक पिशवी आली, तर वर्षात ७३,००० पिशव्या होतात. त्यांचे वजन दीडशे ते सव्वादोनशे किलो भरेल. एकत्र केल्या तर हा विक्रीयोग्य माल आहे. विखुरल्या तर तेवढ्याच संख्येने गुरांना धोका आहे.

जनावरांना होणारा अपाय

उरलेले अन्न पिशवीत बांधून फेकले जाते आणि त्याच्या वासाने गुरे पिशवीसकट ते गिळतात. आहारात स्फुरद व इतर खनिजे कमी पडली, तर जनावरांना अखाद्य वस्तू चघळण्याची सवय लागते. गिळलेले प्लॅस्टिक पहिल्या पोटात, म्हणजे कोटीपोटात साचून त्याचा गोळा होतो. जनावर चारा कमी खाते, रवंथ मंदावते, वारंवार पोट फुगते, दूध घटते व अंग झिजते. औषधाने हा गोळा विरघळत नाही. शस्त्रक्रिया करूनच तो काढावा लागतो. अशी लक्षणे दिसताच पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा आणि जनावरांना एरवीही खनिज मिश्रण नियमित द्यावे.

कायद्यातील तरतूद

महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना काढली. तीत दुधाच्या पिशवीस अटीवर सूट मिळाली. पिशवी ५० मायक्रॉनपेक्षा पातळ नसावी आणि ती परत घेण्याची किंमत, निदान ५० पैसे, तिच्यावर छापावी, अशा त्या अटी होत्या. बाटलीमागचे जुने तत्त्वच येथे पुन्हा आले : रिकाम्या वेष्टनास किंमत द्या, म्हणजे ते परत येईल. देशभरात १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरावयाच्या प्लॅस्टिकचे पेले, नळ्या इत्यादी वस्तूंवर बंदी आली. वेष्टनाच्या कचऱ्याची जबाबदारी उत्पादकावर ठेवणारी मार्गदर्शक तत्त्वेही त्याच वर्षी फेब्रुवारीत निघाली.

वेष्टनाविना दूध

दिल्लीत १९७४ साली सुरू झालेल्या मदर डेअरीने आणखी एक मार्ग दाखविला. तेथे केंद्रावरील थंड टाकीत दूध साठवितात. ग्राहक यंत्रात टोकन टाकतो आणि घरून आणलेल्या भांड्यात दूध घेतो. पिशवीचा प्रश्नच उद्भवत नाही. मात्र अशा केंद्रास अखंड वीज, टाकीची नित्य सफाई व दुधाची रोजची तपासणी आवश्यक असते. जेथे ही व्यवस्था होऊ शकते, तेथे सहकारी दूध संस्थांनी या पद्धतीचा अवश्य विचार करावा.

“विघटनशील” असा शिक्का असलेल्या नव्या वेष्टनांविषयी सावधगिरी हवी. त्यांपैकी पुष्कळ प्रकार कारखान्यातील खतप्रक्रियेत, सुमारे ६० अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता टिकली तरच कुजतात. घरच्या उकिरड्यात ती उष्णता सातत्याने मिळत नाही. म्हणून असा शिक्का पाहून पिशवी शेणखतात टाकू नये.

घरी व गावात काय करावे

१. पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नये. लहानसा छेद द्यावा व तुकडा पिशवीलाच राहू द्यावा. सुटलेला एवढासा तुकडा कोणीही गोळा करीत नाही आणि तोच मातीत मिसळतो.

२. रिकामी पिशवी थोड्या पाण्याने विसळून वाळवावी. ओली पिशवी कुजकट वास मारते व भंगारवाला ती घेत नाही.

३. पिशवीत उष्टे, साली अथवा शिळे अन्न बांधून कधीही फेकू नये.

४. चूल पेटविण्यासाठी पिशवी जाळू नये. तिचा धूर स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांना व मुलांना अपायकारक असतो.

५. रोपवाटिकेत पिशवी वापरावयाची झाल्यास तळाशी छिद्रे पाडावीत. लागणीच्या वेळी ती अलगद काढून परत गोळा करावी. रोपाबरोबर खड्ड्यात पुरू नये.

६. दूध संस्थेत, शाळेत किंवा ग्रामपंचायतीजवळ एक पोते टांगावे. ते भरले की भंगारात विकावे, किंवा दूध आणणाऱ्या गाडीतून परत पाठविण्याविषयी संस्थेशी ठराव करावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी या कामास महिला बचत गटांचे साह्य घ्यावे. घरात पिशवी कापली जाते ती स्वयंपाकघरात. तेव्हा या सुधारणेचा प्रारंभही तेथूनच व्हावयास हवा. जमलेल्या पिशव्यांचे वजन व विक्रीची रक्कम दर महिन्यास फलकावर लिहिल्यास लोकांचा विश्वास वाढेल.

काच, पॉलिथिन, पुठ्ठा किंवा घरचे भांडे, यांपैकी प्रत्येकाची योग्य जागा आहे. त्यांतील कोणतेही वेष्टन चांगले ठरते, ते त्याची परतीची वाट ठरलेली असेल तरच. ही वाट आखण्यास मोठे भांडवल लागत नाही. स्वयंपाकघरातील एक खिळा, संस्थेतील एक पोते आणि थोडी नियमितता पुरेशी आहे. तेवढे केल्यास गोठ्यातील जनावरांचे पोट व शेतातील माती या दोहोंचे रक्षण होईल.