रजिस्टरातला आकडा म्हणजे वाचन नव्हे

महाविद्यालयीन ग्रंथालयांच्या नियोजनात एक समज खोलवर मुरला आहे: गेट रजिस्टरातल्या नोंदी वाढल्या की ग्रंथालयाचा वापर वाढला. नॅकच्या मूल्यांकनात ग्रंथालयाच्या रोजच्या वापराचा आकडा मागितला जातो, म्हणून नोंदी ठेवणे भागच आहे. पण त्याच नोंदींवरून पुढच्या वर्षाची पुस्तकखरेदी आणि डेटाबेसची वर्गणी ठरू लागली की पैसा चुकीच्या जागी जातो.

घरून आणलेले स्पर्धा परीक्षेचे पुस्तक घेऊन दिवसभर अभ्यासिकेत बसलेली विद्यार्थिनी, पुस्तक परत करून लगेच निघालेला विद्यार्थी आणि संदर्भ विभागात जुने अंक चाळणारा संशोधक, या तिघांचीही रजिस्टरात एकेकच ओळ असते. वसतिगृहातून ई-जर्नल वाचणाऱ्याची तर तेवढीही नाही. हे निव्वळ तर्काने म्हटलेले नाही. ब्रिटनमधील हडर्सफील्ड विद्यापीठाच्या पुढाकाराने आठ विद्यापीठांत झालेल्या अभ्यासात (२०११) पदवीच्या निकालाशी संबंध आढळला तो घरी नेलेल्या पुस्तकांचा आणि ई-साधनांच्या वापराचा. ग्रंथालयातील प्रवेशांचा तसा संबंध आढळला नाही. असा संबंध म्हणजे कारण नव्हे, हे मात्र इथेही लक्षात ठेवायला हवे. इतके असूनही ग्रंथालय समितीच्या बैठकीत पहिला तक्ता हजेरीचाच मांडला जातो, आणि पुष्कळदा तोच शेवटचाही असतो.

खरेदी ठरवायची तर न भागलेली मागणी पाहावी लागते. एका प्रतीसाठी किती जणांनी नाव नोंदवून ठेवले आहे, हे देवघेवीच्या संगणक प्रणालीत दिसते. ई-जर्नलसाठी प्रकाशक ‘काउंटर’ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार अहवाल देतात. त्यात वर्गणी नसल्यामुळे नाकारलेल्या विनंत्याही वेगळ्या मोजता येतात. कोणती वर्गणी नव्याने घ्यावी, याचा सर्वांत थेट पुरावा तोच.

‘घरी गेले नाही ते पुस्तक निरुपयोगी’ हाही गैरसमजच. पिट्सबर्ग विद्यापीठात १९६९ मध्ये घेतलेल्या पुस्तकांपैकी सुमारे ४० टक्के पुस्तके पहिल्या सहा वर्षांत एकदाही घरी नेली गेली नव्हती. पण जागेवर बसून केलेले वाचन देवघेवीत उमटत नाही. टेबलावर राहिलेली पुस्तके कपाटात लावण्यापूर्वी स्कॅन केली, तर तेही मोजता येते.

‘वाचक समाधानी आहेत का, एवढे विचारले की पुरे’ असेही मानले जाते. लिबक्वाल या सर्वेक्षणात प्रत्येक सेवेची किमान अपेक्षा, इच्छित पातळी आणि प्रत्यक्ष अनुभव असे तिन्ही विचारतात. कमतरता कुठे आहे, ते त्यातल्या अंतरावरून कळते.

राहिला नावांचा प्रश्न. नियोजनाला विषय, वर्ग आणि वेळ पुरते. कोणी काय वाचले, हे लागत नाही. कोहा प्रणालीत परत आलेल्या पुस्तकाच्या नोंदीतून वाचकाची ओळख काढून टाकण्याची सोय आहे. ग्रंथपालांनी ती सुरू करावी.