अर्धवेळ एम.एस्सी. : निम्मं काय आणि पुरतं काय?



गळीत हंगाम सुरू झाला की शेतकी विभागात ऊसनोंद, तोडणीचा क्रम आणि काट्याची पावती यांचीच विचारपूस चालते. अलीकडे मात्र काही सभासद वेगळाच प्रश्न घेऊन येतात. "पोरगी पुण्यात कॉम्प्युटर कंपनीत आहे. इंटरनेटचं समाजशास्त्र शिकायचं म्हणते, ते पण ऑक्सफर्डला. अर्धवेळ असतंय म्हणे, नोकरी सोडायला नको. मग खर्च बी निम्माच येईल की?"

प्रश्न साधा दिसतो, पण यात घरची पुंजी आणि पोरांची उमेदीची दोन वर्षं गुंतलेली असतात. म्हणून आम्ही ही माहिती नीट मांडायचं ठरवलं.

हा विषय तरी काय?

ऑक्सफर्ड विद्यापीठात २००१ साली 'ऑक्सफर्ड इंटरनेट इन्स्टिट्यूट' हा विभाग स्थापन झाला. तिथल्या एम.एस्सी.चं नाव 'सोशल सायन्स ऑफ द इंटरनेट'. इथे कॉम्प्युटर दुरुस्त करायला शिकवत नाहीत. इंटरनेटमुळे माणसांचं वागणं, धंदा, राजकारण आणि कायदा कसा बदलतो, त्याचा अभ्यास करतात.

आपल्याच गावचं उदाहरण घ्या. ऊसदराची खोटी बातमी मोबाईलवरून तासाभरात शिवारभर होते. ती पसरते कशी, लोक तिच्यावर विश्वास का ठेवतात, हा या शास्त्राचा प्रश्न आहे. आपला मोबाईल नंबर आणि बँकेचा तपशील कोणाकोणाकडे जातो, त्याला कायद्याचं बंधन काय, हाही त्याचाच प्रश्न. आपल्या देशात २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला तो याच काळजीतून. तेव्हा विषय फॅशनचा नाही, कामाचा आहे.

अर्धवेळ म्हणजे काय?

हा अभ्यासक्रम पूर्णवेळ केला तर सुमारे दहा महिन्यांचा, आणि अर्धवेळ केला तर साधारण दोन वर्षांचा. इथेच आपली गफलत होते. सुरू ऊस वर्षात येतो, आडसाली सोळा-अठरा महिने रानात उभा राहतो. आडसाली जास्त दिवस राहतो म्हणून त्याला पाणी कमी लागतं का? तसंच हे. अर्धवेळात आठवड्याचा भार हलका होतो, पण विषय तेवढेच, परीक्षेची कसोटी तीच आणि स्वतः संशोधन करून लिहायचा प्रबंधही तोच. पदवी निम्मी नसते, त्यामुळे तिच्या अटीही निम्म्या नसतात.

प्रवेशासाठी काय लागतं?

१. पदवी. पहिला वर्ग किंवा त्याच्या लगत असलेला वरचा दुसरा वर्ग, ही इंग्लंडच्या पद्धतीची अट आहे. भारतातल्या कोणत्या पदवीला किती गुण धरतात, त्याचा तक्ता विद्यापीठ प्रसिद्ध करतं. तो आधी पाहावा. पदवी अमुकच विषयाची हवी असं मात्र नाही. समाजशास्त्र, कायदा, अर्थशास्त्र, कॉम्प्युटर अशा निरनिराळ्या वाटांनी मुलं येतात.

२. इंग्रजी. ऑक्सफर्डच्या वरच्या पातळीप्रमाणे आयईएलटीएस परीक्षेत एकूण ७.५ आणि प्रत्येक भागात किमान ७ लागतात. हे गुण दोनच वर्षं चालतात, म्हणून परीक्षा फार आधी देऊन ठेवू नये.

३. कागदपत्रं. गुणपत्रकं, कामाची माहिती, तीन शिफारसपत्रं, लेखनाचा नमुना आणि आपल्याला हे का शिकायचं याचं निवेदन. निवेदनात मोठमोठे शब्द नकोत. आपल्याला पडलेला नेमका प्रश्न हवा.

४. वेळेची हमी. ही खास अर्धवेळवाल्यांसाठी. अभ्यासाला आणि हजेरीला आपण पुरेसा वेळ देऊ शकतो, आणि नोकरी असेल तर मालक तेवढी मोकळीक देईल, हे दाखवावं लागतं.

खरी अडचण हजेरीची

हे शिक्षण पोस्टानं किंवा घरबसल्या होणारं नाही. सत्र चालू असताना ठरल्या दिवशी ऑक्सफर्डला वर्गात बसावं लागतं. वर्ष ऑक्टोबरात सुरू होतं आणि आठ-आठ आठवड्यांची तीन सत्रं असतात. पुण्यातली नोकरी सांभाळून हे जमायचं नाही.

मग तिकडेच राहून नोकरी करत शिकलं तर? विद्यार्थी म्हणून ब्रिटनचा व्हिसा मुख्यतः पूर्णवेळ शिक्षणासाठी असतो. अर्धवेळ शिक्षणासाठी तो मिळालाच, तरी त्यावर नोकरी करता येत नाही. म्हणजे 'कमवा आणि शिका' हा जो अर्धवेळाचा फायदा, तोच हातातून जातो. शिवाय परदेशी विद्यार्थ्याची फी तिथल्या रहिवाशापेक्षा पुष्कळ जास्त, आणि राहण्या-खाण्याचा खर्च दोन वर्षांचा.

तेव्हा अर्धवेळाची ही सोय कोणाला? जो आधीच कामाच्या व्हिसावर किंवा कायमचा तिकडे राहतो, त्याला. आपल्यापैकी कोणाची लेक-सून, मुलगा-जावई तिथे नोकरीत असेल, तर त्यांना हे जरूर कळवा. इथून जाणाऱ्यानं मात्र पूर्णवेळाचाच हिशेब करावा. दहा महिने, एकदाच खर्च, आणि जोडीला शिष्यवृत्तीचा अर्ज.

नोकरी सोडणं शक्यच नसेल तर देशातली वाट आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ साली आणि नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ साली निघालं ते नोकरी-शेती करणाऱ्यांसाठीच. आधी समाजशास्त्राचा पाया तिथे पक्का करता येतो. फक्त त्या अभ्यासक्रमाला विद्यापीठ अनुदान आयोगाची दूरशिक्षणाची मान्यता चालू आहे ना, हे पाहून घ्यावं.

कोणी म्हणेल, आपल्या खेड्यातल्या पोरींनी ऑक्सफर्डचं नाव कशाला काढावं? नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८८९ साली तिथे गेल्या. १८९२ साली त्यांनी कायद्याची परीक्षा दिली, पण विद्यापीठ तेव्हा बायकांना पदवी देत नसे. ती हाती पडायला १९२२ साल उजाडलं. आज तशी आडकाठी नाही. म्हणून पोरीला 'नको' म्हणू नका. तिच्याबरोबर बसा आणि कागदावर चार गोष्टी लिहा : गुण किती, इंग्रजी कितपत, व्हिसा कोणता, पैसा कुठून. या चारही रकान्यांत उत्तर आलं की मगच अर्जाची फी भरा. एजंटाच्या तोंडच्या हिशेबावर रान गहाण टाकू नका. विद्यापीठाचं त्या वर्षाचं माहितीपत्रक स्वतः वाचा, नाहीतर मुलीकडून वाचून घ्या.

लावणीआधी माती तपासून घ्या, असं आम्ही दरसाल सांगतो. इथेही तेच सांगणं आहे.