बालाघाटावरचा उन्हाळी मुक्काम

दिवाळी आटोपली की बीड जिल्ह्यातल्या कितीतरी घरांना कुलपं लागतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, ट्रकमध्ये, टायरच्या बैलगाडीत पीठमीठ, भांडीकुंडी, लेकरंबाळं आणि कोपीचं, म्हणजे झोपडीचं, सामान चढतं. ऊसतोडीच्या टोळ्या सांगली, सातारा, कोल्हापूर, पुणे, थेट कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात आणि गाळप संपल्यावर, ऊन तापू लागलं की परततात. गाडीसोबत राहणं, माळावर बिऱ्हाड मांडणं, मिळेल तेवढ्या सावलीत दुपार काढणं ही या जिल्ह्याची जुनी रीत आहे. ती पोटासाठी पडलेली रीत आहे, हे हौसेनं गाडी घेऊन उघड्यावर राहायला निघणाऱ्यांनी विसरू नये. पण उन्हात तग कसा धरावा, हे शिकायचं तर याच माणसांकडून.

हल्ली गाडीत अंथरूण, शेगडी आणि पाण्याचे कॅन टाकून आठ-आठ दिवस भटकणारी मराठी कुटुंबं दिसू लागली आहेत. मे महिन्यात त्यांचा ओढा महाबळेश्वराकडे नाहीतर कोकणाकडे. मराठवाड्याचं नाव काढलं तर अंगावर काटा येतो, कारण एप्रिल-मेमध्ये बीडचा पारा चाळिशी ओलांडतो. माझं मत वेगळं आहे. बीडचा उन्हाळा कडक असला तरी कोरडा आहे, आणि कोरड्या उन्हाळ्यावर उपाय चालतात.

हिशेबच बघा. मुंबईत 34 अंश तापमान आणि 65 टक्के आर्द्रता असेल, तर ओल्या फडक्यावर कितीही वारा घातला तरी ते 28 अंशांच्या फार खाली जात नाही. बीडला दुपारी 40 अंश तापमान आणि 20 टक्के आर्द्रता असेल, तर तेच फडकं 23 अंशांपर्यंत उतरू शकतं. एक लिटर पाणी सुकताना सुमारे 2,400 किलोज्यूल उष्णता ओढून घेतं. तेवढंच वजन असलेला बर्फ वितळताना 334 किलोज्यूल घेतो, म्हणजे साधारण सातवा हिस्सा. म्हणून बर्फाची पेटी दूध-भाजीसाठी ठेवावी आणि अंगासाठी ओलं कापड वापरावं. माठाला गुंडाळलेलं ओलं गोणपाट, दाराला टांगलेला वाळ्याचा पडदा, पूर्वी जीपच्या आरशाला लटकणारी पाण्याची कापडी छागल, या साऱ्यांमागे हेच एक तत्त्व आहे. छागल आजही गाडीबाहेर टांगावी. गाडी चालू असताना वारा लागून पाणी निवतं आणि डिझेलचा थेंबही लागत नाही.

इथे पंख्याबद्दल एक सूचना. हवा कातडीपेक्षा गरम झाली, म्हणजे साधारण 35 अंशांच्या वर गेली, की पंखा कोरड्या अंगावर उष्णताच आणून टाकतो. थंडावा मिळतो तो घाम सुकण्यातून. चाळिशीच्या वर तर केवळ पंख्याच्या भरवशावर राहू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सदरा भिजवून घाला, मानेवर ओलं उपरणं टाका, मग बारा व्होल्टचा छोटा पंखाही पुरतो.

दुसरा उपाय उंचीचा. जिल्ह्याचे सरळ दोन भाग पडतात. उत्तरेला गेवराई-माजलगावकडची गोदाकाठची गंगथडी, काळ्या जमिनीची, सखल. दक्षिणेला बालाघाटाचं पठार: पाटोदा, केज, धारूर, अंबाजोगाई. दुपारच्या कोरड्या हवेत शंभर मीटर चढलं की तापमान साधारण एका अंशानं घटतं. गंगथडीतून पठारावर आलं की दोन-तीन अंशांचा फरक पडतो, आणि त्याहून मोठा लाभ वाऱ्याचा. धुळे-सोलापूर महामार्गानं येऊन बीडमध्ये मुक्काम करण्यापेक्षा तासभर आणखी चालवावं आणि मांजरसुंब्याचा घाट चढून वर यावं.

पण पठारावर जंगल बघून तिथे गाडी लावण्याचा मोह टाळावा. बालाघाटाचं रान पानझडीचं. साग, पळस, सालई ऐन उन्हाळ्यात उघडे पडतात. नकाशावर हिरवं दिसणारं रान प्रत्यक्षात निष्पर्ण काड्यांचं असतं आणि त्यात वाळलेलं गवत. एक ठिणगी पडली की वणवा. शिवाय वनखात्याच्या हद्दीत, विशेषतः पाटोदा तालुक्यातल्या नायगाव मयूर अभयारण्यात, परवानगीशिवाय रात्र काढता येत नाही. खरी सावली शेताच्या बांधावर आहे. कडुलिंबाला चैत्रात नवी पालवी फुटते आणि सगळं रान वाळतं तेव्हा तो गर्द असतो. आंबा, चिंच, वडही तसेच. मेंढपाळ पहाटे निघतात आणि ऊन चढलं की अशाच झाडाखाली टेकतात. शेतमालकाला विचारावं. कुणी नाही म्हटल्याचं मला आठवत नाही, उलट ताकाचा तांब्या पुढे आलेला आहे.

झाड नसेल तर सावली उभारावी लागते. 2013 आणि 2019 च्या दुष्काळात बीडमधली हजारो माणसं जनावरांसोबत चारा छावण्यांत राहिली, तीही ऐन उन्हाळ्यात. शेडनेट, जुन्या साड्या, पाचट, बांबू, जे मिळेल त्यातून त्यांनी सावली केली. त्यात मोठं शहाणपण होतं. प्लास्टिकची ताडपत्री स्वतः तापते आणि डोक्यावर तव्यासारखी आग ओतते. शेडनेटमधून वारा जातो, म्हणून ती कमी तापते. उत्तम जोड म्हणजे वर शेडनेट, हातभर अंतर सोडून खाली सुती चादर. मधली गरम हवा बाजूंनी निघून जाते. हे छत गाडीवरूनही ओढून घ्यावं, म्हणजे टप तापत नाही. कृषी सेवा केंद्रात शेडनेट मीटरवर मिळते. परदेशी तंबू-छत्र्यांवर खर्च करण्याआधी तिथे जावं.

गाडी ही सावली नव्हे, हे ठामपणे सांगायला हवं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी 2005 साली उन्हात उभ्या बंद गाड्या मोजल्या. तासाभरात आतलं तापमान सरासरी 22 अंशांनी वाढलं आणि त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काचा बोटभर उघड्या ठेवूनही विशेष फरक पडला नाही. मूल, म्हातारं माणूस, कुत्रं, कुणालाही पाच मिनिटांसाठीदेखील आत ठेवू नये. एसी लावून, इंजिन सुरू ठेवून बंद गाडीत झोपणं तर जिवावर बेतू शकतं; धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासानं कळत नाही.

झोपायचं उघड्यावर. मराठवाड्याची कोरडी रात्र ही खरी देणगी. आकाश निरभ्र असलं की जमीन साठवलेली उष्णता झपाट्यानं सोडते आणि पहाटे चादर ओढावी लागते. मात्र काळा कातळ, डांबर, सिमेंटचा ओटा यांवर अंथरू नये, ते मध्यरात्रीपर्यंत धग सोडतात. मोकळ्या मातीवर, शक्यतो सुती पट्ट्यांनी विणलेल्या बाजेवर झोपावं. खालूनही वारा लागतो. बाज आणखी एका कारणासाठी हवी. या माळरानांत फुरसं आणि विंचू आहेत आणि रात्री गारव्याला तेही बाहेर पडतात. तंबूऐवजी चारही कडांनी गादीखाली खोचलेली मच्छरदाणी पुरते. सकाळी बूट झाडून घालावेत.

दिवसाचा कार्यक्रम उन्हाच्या घड्याळानं ठरवावा. पहाटे पाचला निघून दहापर्यंत जे बघायचं ते बघावं: धारूरचा किल्ला, अंबाजोगाईची हत्तीखाना लेणी, सौताड्याची खोल दरी. सौताड्याचा धबधबा उन्हाळ्यात आटतो, पण दरीच्या कड्यांची सावली सकाळी बराच वेळ टिकते. बीडजवळची खजाना बावडी अवश्य पाहावी. निजामशाहीतल्या सलाबतखानाच्या काळात बांधलेली ही विहीर भूमिगत नळांनी शेतांना पाणी पुरवत आली आहे. अकरा ते पाच सावली सोडू नये. जेवण हलकं ठेवावं: ज्वारीची भाकरी, कांदा, ताक, ज्वारीची आंबील, कैरीचं पन्हं. ताकात आणि पन्ह्यात मीठ हवंच. उन्हात राबताना तासाला लिटरभर घाम जाऊ शकतो. नुसतं पाणी पीत राहिलं तर मीठ भरून निघत नाही.

आता पाण्याबद्दल. केज तालुक्यातल्या धनेगावचं मांजरा धरण आटल्यामुळे 2016 च्या एप्रिलमध्ये त्यावर अवलंबून असलेल्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. ज्या मुलखात उन्हाळ्यात टँकरची वाट बघत घागरींच्या रांगा लागतात, तिथे पाहुण्यानं गावच्या हातपंपावर गाडी धुणं हे मला अक्षम्य वाटतं. माणशी दिवसाला दहा लिटर पाणी मोठ्या गावातून भरून न्यावं. त्यात पिणं, स्वयंपाक, अंग पुसणं आणि फडकी भिजवणं नीट भागतं. भांडी वाळूनं किंवा राखेनं घासून अर्ध्या तांब्यात विसळता येतात.

उष्माघात ओळखता आलाच पाहिजे. माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला आणि अंग चटका बसेल असं तापलं, तर घाम येत असला तरी धोका समजावा. सावलीत आणावं, कपडे सैल करावेत, सर्वांगावर पाणी ओतून वारा घालावा आणि त्याच वेळी 108 ला फोन करावा. अशा वेळी पाणी जपू नये, कॅन रिकामा झाला तरी चालेल. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नये. पठारावर असाल तर अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि गंगथडीत असाल तर बीडचं जिल्हा रुग्णालय, हे दोन रस्ते आधीच पाहून ठेवावेत.

मेच्या मध्यानंतर दुपारी ढग दाटू लागतात आणि वळवाची चाहूल लागते. मग मुक्कामाचे नियम उलटतात. ज्या झाडानं महिनाभर सावली दिली, त्याच्याखाली वीज कडाडताना थांबायचं नसतं; छत उतरवून, काचा बंद करून गाडीत बसावं, कारण पत्र्याच्या टपाची गाडी विजेपासून चांगलं रक्षण करते. आणि काळ्या रानात गाडी उभी असेल तर पहिले टपोरे थेंब पडण्याआधीच ती डांबरी रस्त्याला काढावी. पाऊण तासाच्या सरीनंतर त्या चिखलातून गाडी ओढायला ट्रॅक्टरच बोलवावा लागतो.