टोकन दिलं आणि समोरचा फिरला, तर?

(बोललो तसंच लिहिलंय. फक्त मधले 'म्हणजे' आणि 'काय ना' थोडे कापलेत.)

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच विचारलं: घराचा व्यवहार ठरला, पैसे दिले आणि समोरचा फिरला, तर कायदा माझ्या बाजूने आहे का? उत्तर द्यायच्या आधी माझा किस्सा सांगतो. त्यात मी शहाणा ठरत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

तीन वर्षांपूर्वी पुण्यात सिंहगड रोडला एक जुना टू बीएचके बघितला. मालक साठीतले काका. चहा झाला, ६२ लाखांना ठरलं. त्याच संध्याकाळी मी दोन लाख टोकन ऑनलाइन पाठवलं. काकांचा व्हॉट्सॲप आला, 'मिळाले, धन्यवाद', आणि पुढे हात जोडलेला इमोजी. मी घरमालकाला घर सोडायची नोटीस दिली, बँकेत लोनची फाइल टाकली, प्रोसेसिंग फी भरली. बाविसाव्या दिवशी काकांचा फोन. "अहो, मुलगा नको म्हणतोय. तुमचे पैसे परत पाठवतो." नंतर एजंटकडून कळलं, नको म्हणणारा मुलगा नव्हता, ६६ लाखांची दुसरी ऑफर होती.

मी तावातावाने वकीलबाईंकडे गेलो. डोक्यात एकच, टोकन घेतलंय म्हणजे आता घर द्यावंच लागेल. त्यांनी शांतपणे विचारलं, "कागदावर काय आहे?" मी स्क्रीनशॉट दाखवला. त्या म्हणाल्या, "यात फ्लॅट कुठला ते नाही, किंमत नाही, खरेदीखत कधी करायचं ते नाही. तुम्ही दोन लाख दिले, एवढंच यातून दिसतं. ते तर काकाही मान्य करतील."

तोंडी करार कायद्याने चालतो, हे खरंय. पण कोर्टाला आधी कळावं लागतं की ठरलं काय होतं. म्हणून विसार पावती. साध्या भाषेत दोन पानं: मिळकतीचं पूर्ण वर्णन, एकूण किंमत, आत्ता किती दिले, बाकी कधी देणार, खरेदीखत कोणत्या तारखेपर्यंत, आणि कोणी फिरलं तर काय. दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार. आणि टोकन बँकेतूनच द्या. जमीन-घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्यावर रोख रक्कम घेणं आयकर कायद्याला चालत नाही.

समजा कागद नीट आहे आणि विकणारा फिरला. मग तुम्ही कोर्टात नुसते पैसे परत मागायचे का? नाही. स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट, १९६३ नुसार 'मला हेच घर ठरल्याप्रमाणे द्या' असं मागता येतं. आधी हे देणं न देणं बरंचसं न्यायाधीशांच्या मर्जीवर असायचं. १ ऑक्टोबर २०१८ पासून कायदा बदलला आणि ती मर्जी बरीच कमी झाली. खरेदीदारासाठी ही मोठी गोष्ट आहे.

पण एक अट कायम राहिली आणि बहुतेक लोक तिथेच अडकतात. तुम्ही स्वतः सुरुवातीपासून शेवटपर्यंत तयार होतात का आणि तुमची इच्छा होती का, हे तुम्हालाच दाखवावं लागतं. वकील याला 'रेडी अँड विलिंग' म्हणतात. इच्छा तर सगळ्यांची असते हो! तयारी म्हणजे पैशाची सोय. बाकीचे पैसे खिशात घेऊन फिरायची गरज नाही, पण बँकेचं लोन मंजुरीचं पत्र, खात्यातली शिल्लक, 'मी तयार आहे, तारीख सांगा' असे वेळोवेळी पाठवलेले मेसेज, हे हवं. मी लोनची फाइल टाकली होती, मंजुरी आली नव्हती. म्हणजे कागद असता तरी माझी बाजू इथे लंगडीच होती.

मुदत तीन वर्षांची. करारात तारीख असेल तर त्या तारखेपासून, नसेल तर समोरच्याने नकार दिल्याचं तुम्हाला कळल्यापासून. दाव्यात 'घर नाही तर निदान पैसे परत द्या' हेही मागून ठेवायचं. न मागितलेलं कोर्ट आपणहून देत नाही.

अजून एक धोका. तोवर काकांनी घर तिसऱ्यालाच विकलं तर? त्या तिसऱ्याने पूर्ण पैसे मोजले असतील आणि त्याला तुमच्या कराराबद्दल खरंच काही माहीत नसेल, तर तुमचं घर गेलं. म्हणून साठेखत दुय्यम निबंधकांकडे नोंदवायचं. नोंदवलेल्या दस्ताची माहिती सगळ्यांना आहे असं कायदा धरून चालतो, मग 'मला माहीत नव्हतं' म्हणता येत नाही. मुद्रांक शुल्काचा आकडा बघून पोटात गोळा येतो, मान्य. पण साठेखत झालं म्हणजे घर तुमचं झालं असंही नाही. मालकी खरेदीखतानेच येते.

आता उलट बाजू. माझी मावशी साताऱ्याजवळचा प्लॉट विकत होती, खरेदीदार फिरला. मावशी म्हणाली, "पाच लाख दिलेत त्याने, एक रुपया परत देणार नाही." गंमत अशी की त्यातले एक लाखच विसार होते, बाकी चार हप्त्याचे. सुप्रीम कोर्टाने १९६३ मध्ये फतेहचंद खटल्यात हाच फरक केला. दिल्लीतल्या एका बंगल्याचा सौदा होता, १,००० रुपये विसार आणि २४,००० किमतीपोटी दिलेले. विसार ठेवून घेता आला, २४,००० सरसकट जप्त करता आले नाहीत. करारात 'सगळे पैसे जप्त' लिहिलं असलं, तरी कोर्ट वाजवी तेवढीच भरपाई देतं. पुढे २०१५ च्या एका निकालात कोर्टाने हेही म्हटलं की नुकसान झालंच नसेल, तर विसारही ठेवून घेता येत नाही. मावशीने नंतर तोच प्लॉट जास्त भावाने विकला. मग तिचं नुकसान कुठलं? बरीच कुरकुर करून तिने पैसे परत केले.

बिल्डरकडून नवीन फ्लॅट घेत असाल तर महारेराचे नियम लागू होतात. करार नोंदवल्याशिवाय बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त घेऊ शकत नाही. त्यावर मागत असेल, तर तिथेच थांबा.

माझे दोन लाख परत आले, प्रोसेसिंग फी गेली. घरमालकाला दिलेली नोटीस मागे घ्यायला गेलो तर त्याने भाडं दीड हजारांनी वाढवलं. वकीलबाईंनी फी घेतली नाही, फक्त एक मेसेज लिहून दिला आणि म्हणाल्या, पुढच्या वेळी कोणी फिरला तर त्याच संध्याकाळी हा पाठवायचा, भांडायला नंतर बसायचं. तुम्हीही सेव्ह करून ठेवा: 'अमुक तारखेच्या विसार पावतीप्रमाणे मी बाकी रक्कम देऊन खरेदीखत करून घ्यायला तयार आहे. मला टोकन परत नको. कृपया नोंदणीची तारीख कळवा.'