न दिसणाऱ्याची राखण

वाळूवर चार अंडी आहेत. घरटं म्हणावं असं तिथे काहीच नाही. पंजांनी उकरलेला उथळ खळगा, त्यात शिंपल्यांचे थोडे तुकडे. अंडी वाळूच्या रंगाची, त्यांवर काळे बारीक ठिपके. ती उबवणारा पक्षीही पाठीवरून कोरड्या वाळूच्याच रंगाचा. पायपिंग प्लव्हर हे त्याचं नाव. आपल्या टिटवीच्या आणि चिखल्याच्या कुळातला, जेमतेम ५०-६० ग्रॅम वजनाचा. उत्तर अमेरिका सोडून जगात दुसरीकडे कुठेही तो अंडी घालत नाही.

नर-मादी आळीपाळीने सुमारे २८ दिवस अंडी उबवतात. पिल्लू बाहेर येतं तेव्हा त्याचे डोळे उघडे असतात, अंगावर लव असते आणि वजन आपल्या पाच रुपयांच्या नाण्याइतकं. अंग सुकल्यावर काही तासांतच ते धावायला लागतं. आईबाप त्याला एक घासही भरवत नाहीत! पाण्याच्या कडेचे किडे, अळ्या ते आपले आपण टिपतं. पण अंगातली ऊब टिकवणं त्याला अजून जमत नाही. म्हणून थोडं चरून झालं की ते पळत येतं आणि आईच्या किंवा बापाच्या पंखाखाली शिरतं. चारही पिल्लं शिरली की वाळूवर एकच पक्षी दिसतो, दहा पायांचा! हे दृश्य पाहण्यासाठी लोक दुर्बिणी लावून तासन्‌तास उभे राहतात, आणि मला त्यात काहीच नवल वाटत नाही.

धोका दिसला की आईबाप इशाऱ्याची शीळ घालतात. पिल्लं असतील तिथेच वाळूला चिकटून निश्चल होतात. मोठा पक्षी मात्र पंख मोडल्याचं सोंग करत, लंगडत, शत्रूला भलतीकडे घेऊन जातो. घारी-ससाण्यांच्या, कोल्ह्यांच्या नजरेवर शेकडो पिढ्यांनी शोधलेला हा उपाय आहे: दिसायचंच नाही. मोटारीच्या चाकापुढे हाच उपाय उलटतो. वाळूत उमटलेल्या चाकोरीत पिल्लू उतरलं तर त्याला लवकर वर चढता येत नाही, आणि गाडी आली की ते पळण्याऐवजी दबून बसतं. फिरायला आलेल्या माणसाच्या पायाखालीही अंडी अशीच जातात. त्याने पाहिलेली नसतात, एवढंच.

अमेरिकेच्या पंचमहासरोवरांकाठी एके काळी या पक्ष्याच्या शेकडो जोड्या होत्या. किनारे माणसांनी भरले आणि १९८६ च्या सुमारास, त्याला कायद्याचं संरक्षण मिळालं तेव्हा, अवघ्या १७ जोड्या उरल्या होत्या.

२०१९ मध्ये प्लव्हरची एक जोडी थेट शिकागो शहरात, मिशिगन सरोवराच्या माँट्रोज किनाऱ्यावर उतरली. या शहरात कित्येक दशकांत कोणी प्लव्हरने संसार मांडला नव्हता. किनाऱ्याच्याच नावावरून लोकांनी त्यांना माँटी आणि रोझ म्हटलं. पहिलं घरटं वाढत्या पाण्यापायी गेलं. त्यांनी पुन्हा अंडी घातली. पंचतंत्रातल्या टिटवीची अंडी समुद्राने नेली तेव्हा तिच्यासाठी गरुड धावला होता. इथे शहरातली साधी माणसं पुढे आली. खळग्याभोवती दोरी बांधली गेली, पाट्या लागल्या. वर तारेचा पिंजरा बसला: प्लव्हर आत-बाहेर करू शकेल, पण मोठ्या जनावराला शिरता येऊ नये असा. आणि पहाटेपासून अंधार पडेपर्यंत स्वयंसेवक पाळी लावून उभे राहिले. काम एकच, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचं: तिथे पक्षी बसलाय, तुम्हाला दिसत नाही, या दुर्बिणीतून पाहा. मला या साऱ्यात हेच सर्वांत मोलाचं वाटतं. पिंजऱ्याला मर्यादा असतात. २०२१ मध्ये पिंजरा असूनही याच जोडीची अंडी स्कंक नावाच्या प्राण्याने रात्री खाल्ली. एकदा दुर्बिणीतून पिल्लू पाहिलेला माणूस मात्र दुसऱ्या दिवशी आपणहून कुत्र्याला साखळी लावून आणतो.

२०१९ च्याच ऑगस्टमध्ये या किनाऱ्यावर हजारो लोकांचा संगीत महोत्सव ठरला होता. दुसरी योग्य जागा मिळाली नाही आणि आयोजकांनी तो रद्दच केला.

माँटी-रोझची २०१९ मध्ये दोन, २०२० मध्ये तीन आणि २०२१ मध्ये पुन्हा दोन पिल्लं उडाली. मे २०२२ मध्ये माँटी श्वसनाच्या बुरशीजन्य आजाराने त्याच किनाऱ्यावर गेला. रोझ त्या वर्षी परतलीच नाही. पण त्यांच्या निश नावाच्या पिल्लाने २०२१ मध्येच ओहायोत घर केलं होतं, आठ दशकांनंतरचं त्या राज्यातलं पहिलं. इमानी हे दुसरं पिल्लू माँट्रोजलाच परत आलं. २०२५ मध्ये पंचमहासरोवरांकाठी ८८ जोड्यांची नोंद झाली. उद्दिष्ट १५० चं आहे.

आपल्याकडे टिटवी साधारण मार्च ते ऑगस्टदरम्यान माळावर, नांगरटीत, नदीकाठच्या गोट्यांत अशीच उघड्यावर अंडी घालते. चालताना ती डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली, तर अंडी शोधत बसू नका, फोटोसाठी थांबू नका. खाली बघत, आल्या पावली परत फिरा. आणि कोकणात गेलात तर गाडी रस्त्यावरच ठेवा, वाळूवर पायी उतरा.