जानेवारीची मुले, डिसेंबरची मुले

बर्फावरची हॉकी हा कॅनडाचा राष्ट्रीय हिवाळी खेळ. पायांत धारदार पात्यांचे बूट घालायचे आणि रबराची जाड चकती काठीने गोलात मारायची, असा हा धसमुसळा खेळ. १९८०च्या दशकात अल्बर्टा प्रांतातील लेथब्रिज येथे कुमार संघाचा सामना पाहायला मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सली सहकुटुंब गेले होते. खेळाडूंची माहितीपत्रिका चाळताना त्यांच्या पत्नी पॉला यांच्या एक गोष्ट लक्षात आली. जन्मतारखांमध्ये जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्च हेच महिने पुन्हा पुन्हा येत होते!

बार्न्सली यांनी मग अनेक संघांच्या याद्या तपासल्या आणि १९८५ साली सहकाऱ्यांसह निष्कर्ष प्रसिद्ध केले. वरच्या दर्जाच्या संघांत जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेले खेळाडू सुमारे ४० टक्के असतात. पुढच्या तिमाहीतले ३०, त्यानंतरचे २०, आणि ऑक्टोबर ते डिसेंबरमधले जेमतेम १० टक्के. जन्म वर्षभर साधारण सारखे विभागलेले असतील, तर प्रत्येक तिमाहीचा वाटा २५ टक्क्यांच्या आसपास यायला हवा.

असे का व्हावे? मकर-कुंभ राशीचा हा प्रताप नव्हे. कॅनडात मुलांचे वयोगट ठरवण्याची तारीख ३१ डिसेंबर आहे. एका इसवी सनात जन्मलेली सर्व मुले एका गटात येतात. २ जानेवारीला जन्मलेला मुलगा ३० डिसेंबरला जन्मलेल्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा असतो. मोठ्या माणसांत एका वर्षाचे काय ते! पण नऊ वर्षांच्या मुलाच्या बाबतीत वर्ष म्हणजे त्याच्या आयुष्याचा नववा हिस्सा. उंची, ताकद, समज, सगळ्यांतच तो फरक दिसतो.

याच वयाच्या सुमारास निवडक संघ तयार होतात. प्रशिक्षकाला थोराड मुलगा 'गुणी' वाटतो. निवड झाली, की त्याला चांगले मार्गदर्शन, जास्त सराव आणि जास्त सामने मिळतात. काही वर्षांनी तो खरोखरच सरस होतो. सुरुवातीला जो केवळ वयाचा फरक होता, तो आता कौशल्याचा फरक बनलेला असतो. मागे पडलेला मुलगा मात्र 'हा खेळ आपल्यासाठी नाही' म्हणून घरी बसतो.

कारण तारखेतच आहे, याचा पुरावा बेल्जियमच्या फुटबॉलने दिला. तेथे वयोगटाची तारीख पूर्वी १ ऑगस्ट होती, तेव्हा कुमार संघांत ऑगस्टपासूनच्या महिन्यांतली मुले जास्त असत. १९९७ साली ती १ जानेवारी केली, आणि गर्दी जानेवारीच्या मुलांकडे सरकली.

२०१३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास अधिक विचार करायला लावतो. १९८० ते २००७ या काळात उत्तर अमेरिकेच्या व्यावसायिक लीगने निवडलेल्या कॅनेडियन तरुणांची पुढची कारकीर्द त्यात तपासली होती. वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेले खेळाडू संख्येने कमी होते, पण त्यांची कामगिरी निवडक्रमावरून वाटली होती त्यापेक्षा सरस ठरली. म्हणजे निवडणाऱ्यांनी त्यांना कमीच लेखले होते.

आता आपल्या शाळेकडे वळू या. पहिलीच्या प्रवेशालाही वयाची तारीख असतेच. शिष्यवृत्तीच्या वर्गातली किंवा कबड्डीच्या संघातली मुले घ्या, जनरल रजिस्टरमधून त्यांच्या जन्मतारखा काढा आणि प्रवेशाच्या तारखेपासून चार तिमाह्या पाडून मोजा. तुलनेसाठी सगळ्या इयत्तेचीही तशीच मोजणी करा. मात्र दोन पथ्ये पाळा. दहा-बारा नावांवरून निष्कर्ष काढू नका; अनेक वर्षांच्या याद्या एकत्र करा. आणि जुन्या रजिस्टरात '१ जून'ची गर्दी दिसली, तर फसू नका. खरी तारीख ठाऊक नसली, की गुरुजी तीच लिहून टाकत!

मोजणीतून काहीही निघो, एखाद्या मुलावर 'कच्चा' असा शिक्का मारण्यापूर्वी त्याची जन्मतारीख एकदा पाहायला काय हरकत आहे? कदाचित तो कच्चा नसेल, नुसता लहान असेल.